आंधळीला शो मागता येत न्हाय

तुरीच्या मिलमधी काम करणाऱ्या बाईच्या अंगावर दोन गोष्टी चढतात. एक भुसा अन् दुसरे किस्से. भुसा संध्याकाळी दोन तांबे पाण्यात उतरतो. किस्से उतरत न्हायत. मुरुम गावच्या आमच्या मिलमधी डाळ निवडायला बसून माझी अर्धी हयात गेली. आता कुणी नुसतं "पत्ते" म्हणलं तरी चार किस्से एकदम तोंडाशी येतात. हसायचे हायत, खुशाल हसा. पण मला विचाराल तर सगळे भीतीचेच हायत.

आमी चौघी. सुगलाक्का सगळ्यात थोरल्या, आळंदच्या बाजूच्या, त्यामुळं निम्मं कानडी बोलतात. फरजाना, जी दिसायला गरीब पण तोंडानं न्हाय. रुक्मीण, जिला गप बसायचं औषध अजून निघालं न्हाय. अन् मी इमल. जेवणाच्या सुट्टीत मोटर बंद झाली की पोत्यांच्या थप्पीमागं आमचा डाव बसतो. तीन पत्ती. पैसा एक बी न्हाय. पैशाला कोण भितंय? आमी सुट्टी लावतो.

हे नीट सांगते, न्हायतर पुढचं कळायचं न्हाय. बसूअण्णा मुकादमाचा कायदा असा, की हंगामात जागा रिकामी दिसली की दुसरी बाई बसवायची, अन् बसवली की ती बसली. पण बसूअण्णा संध्याकाळी निवडलेली पोती मोजतो, बायका मोजत न्हाय. म्हणून आमी चौघींनी काम एकात धरलं. एक आली न्हाय तर उरलेल्या तिघी तिचा वाटा निवडून टाकतात, पोती भरतात, अण्णा गप. आता सुट्टी कुणी घ्यायची, याचा हिशेब चिंचोक्यावर. हंगामाच्या सुरवातीला चौघींना सारखे चिंचोके. एक टाकला की अर्ध्या दिवसाची सुट्टी. कारण सांगायचं न्हाय, कुणी विचारायचं न्हाय. अन् जास्त पाहिजेत तर डावात जिंकायचे.

यंदा मला जास्त पाहिजे होते. माझी अश्विनी पोटुशी होती. पहिलं लेकरू आठव्या महिन्यात पोटातच गेलतं, अन् आता पुन्हा आठवा सरला होता. बीपी वाढतंय, पाय सुजतात. उमरग्याच्या डॉक्टरीणबाई म्हणल्या, आठ दिवस आधी आणून ठेवा, सोबत आई पाहिजे, सासूचं भ्या वाटतं तिला. आई पाहिजे. आईकडं चिंचोके पाहिजेत ना.

*

कारण विचारायचं न्हाय हा नियम का आला, तर भांडणातून.

पयल्यांदा आमचं असं होतं की जिची अडचण मोठी, तिला सुट्टी. ऐकायला किती चांगलं! एका दिवशी फरजानाच्या आईच्या डोळ्याचं आपरेशन अन् त्याच दिवशी रुक्मीणच्या भावाची सोयरीक. दोघी एकदम न्हाय आल्या तर पोती भरायची न्हायत. मग बसलो आमी मोठ्या न्यायाधीश होऊन. रुक्मीण म्हणली, आपरेशन पुढं ढकलता येतं, सोयरीक मोडली की मोडली. फरजाना म्हणली, भाऊ काळा हाय तुझा, आज न्हाय तर उद्या बी मोडंलच. रुक्मीणनं तिचा डबा लाथेनं उडवला.

मी मधी पडले. म्हणलं, थांबा, दोघींनी सांगा कुणाचं किती नडलंय. तवा फरजाना उठून उभी राहिली अन् निवडलेल्या डाळीच्या वजनकाट्याकडं बोट करून म्हणली, "मेरी अम्मा की आंख काटे पो रखूं क्या? कित्ते किलो हुई सो देख लेव."

दोघी बी कामावर आल्या त्या दिवशी, अन् दोघी बी दिवसभर रडल्या. दुसऱ्या दिवशी सुगलाक्कांनी ओच्यातून चिंचोके काढले. म्हणल्या, आपली दुखणी मोजायला आपण कोण? हे मोजा.

*

चिंचोक्याची भानगड अशी, की चिंचेचं झाड रुक्मीणच्या दारात हाय.

पहिल्याच हंगामात दिवाळी झाल्यावर लक्षात आलं, रुक्मीण लई सुट्ट्या घेती अन् तिची पुरचुंडी काय कमी होत न्हाय. डावात हरली तरी हसती. मला वाटलं, बाईचं काळीज मोठं हाय. मग तिला बघून फरजानानं बी कुठूनतरी ओंजळभर पैदा केले. मला बी बाजारात चिंच घ्यायला कुणी अडवलं न्हवतं. खोटं कशाला बोलू!

मग एका सोमवारी काय झालं? सकाळी सुगलाक्का मिलमधी आल्या अन् एकट्याच. आमी तिघींनी बी सुट्टी टाकलेली. त्या बाईनं एकटीनं चौघींचा ढीग निवडायला घेतला. जेवल्या न्हाईत, पाणी प्यायला उठल्या न्हाईत. पोती भरली न्हाईतच. अण्णाला काय सांगितलं कुणास ठाऊक, पण आमच्या जागा राहिल्या.

मंगळवारी आमी तिघी खाली मान घालून आलो. वाटलं आता शिव्या पडणार. सुगलाक्का शिव्या देत न्हाईत, त्याचीच जास्त भीती वाटती. त्यांनी बोटं वर करून दाखवली, टोकाला सगळी सोललेली. म्हणल्या, "घ्या अजून, घ्या. झाडाला लई हायत."

त्या दिवशी फरजानानं सगळे चिंचोके घरी नेऊन मेंदीत भिजवले. तवापासून लालच चालतात. अन् रुक्मीणला वाटेतली चिंच दिसली तरी ती पदर तोंडावर घेती.

*

हे लाल चिंचोके बसूअण्णानं एकदा पकडले.

अण्णा कधी थप्पीमागं येत न्हाय, त्या दिवशी आला. पत्ते रुक्मीणच्या मांडीखाली गेले, पण चिंचोके उघडे पडलेले. आमची तोंडं अशी झाली की कुणी मेलंय वाटावं. मला तर अश्विनीचाच चेहरा दिसायला लागला. म्हणलं, गेली जागा, गेली सुट्टी, गेलं सगळं.

"हे काय?" अण्णा म्हणला.

सुगलाक्का बसल्या जागेवरून म्हणल्या, "कंबरेचं औषध हाय. भाजून, मेंदीचा हात लावून ठेवलंय."

अण्णाची कंबर आधीच गेलेली. त्यानं माझ्यासमोरचे दोन उचलले, तोंडात टाकले अन् कडाकडा चावत निघून गेला. म्हणला, थोडं कडू हाय.

तो लांब गेला. मग फरजाना फिदीफिदी हसायला लागली. मी काय हसते? मी म्हणलं, तुमच्या अण्णानं माझा अख्खा दिवस गिळला, तो मला कोण देणार? नियमात असं काय लिहिलेलं न्हाय, असं रुक्मीण म्हणली. नियम लिहिलाय कुठं, तर ते बी न्हाय.

कंबरेला फरक पडला म्हणून अण्णा दोन दिवसांनी पुन्हा आला. तवापासून अण्णाची पावलं वाजली की आमी आधी चिंचोके लपवतो, मग पत्ते.

*

आता पत्त्याची भीती सांगते. लोकांना वाटतं वाईट पानं आली की माणूस भितो. साफ खोटं. वाईट पानं आली की पॅक म्हणायचं, पानं टाकून द्यायची अन् भाकर खायची. भीती येती ती चांगल्या पानांसंगट.

रुक्मीणला चांगली पानं आली की उचकी लागती. आमच्या लक्षात यायला वेळ लागला, पण एकदा आलं की झालं. तिनं पानं बघायची, "हिक" करायचं, अन् आमी तिघींनी पॅक. तीन-तीन सारखी पानं घेऊन बाई बसलेली अन् तिच्या पदरात नुसते सुरवातीला टाकलेले तीन लाल चिंचोके. तिनं पाणी पिऊन बघितलं, श्वास कोंडून बघितला, जिभेवर साखर ठेवून बघितली. पानं चांगली आली की हिक.

एका दिवशी तिनं पानं बघितली अन् एक न्हाय, चार उचक्या. डोळ्यात पाणी. मी तसंच पॅक केलं. माझ्याकडं राजाची जोडी होती, अश्विनीच्या दवाखान्याच्या एका फेरीपुरते चिंचोके मिळाले असते, पण चार उचक्या म्हणजे काय असंल! फरजाना पॅक. सुगलाक्का तेवढ्या एक चाल खेळल्या, मग त्या बी पॅक. चिंचोके गोळा करून रुक्मीणनं पानं उलटी केली. दुरी, पंजी, सत्ती.

"ठेचा लागला," ती म्हणली.

दुसऱ्या दिवशी तिनं डब्यात भाजी आणलीच न्हाय. नुसता ठेचा.

*

रुक्मीणची दुसरी खोड म्हणजे दुसऱ्यांनी पॅक केलेली पानं उलटी करून बघायची. डाव संपला न संपला की हिचा हात ढिगात. "बघू तरी काय होतं." आमी किती मारलं त्या हातावर. मेलेल्याच्या तोंडावरचं फडकं उचलायचं असतं का? पण न्हाय.

एका दुपारी फरजानानं पानं बघितली अन् लगेच पॅक केलं. तोंडावर काय न्हाय. डाव मी जिंकला, दहाच्या जोडीवर. रुक्मीणनं फरजानाची पानं उलटली. तीन राजे.

मला वाटलं ती चुकून टाकली. दिसलं नसंल, उन्हाची तिरीप असंल. म्हणलं, फरजाना, तीन राजे पॅक केले तू? वेड लागलं का? तिच्यासमोर पडलेले चिंचोके तिच्या पोरीच्या शाळेच्या कामाला पाहिजे होते, हे आमाला ठाऊक होतं. विचारायचं न्हाय म्हणून ठाऊक नसतं, असं थोडीच हाय?

तिनं पानं परत पालथी घातली. म्हणली, "इत्ता अच्छा मेरे कू कब्बी आया नै. डर लग्या."

रुक्मीणनं हात ढिगातून काढून घेतला. मी मात्र घरी जाऊन फरजानाला मनातल्या मनात लई शिव्या दिल्या. पानं आल्यावर भ्यायचं? चांगलं आलंय तर दोन्ही हातांनी धरायचं सोडून? हसले मी तिला. तवा माझ्या हातात काय आलं न्हवतं.

*

आमचा पत्त्यांचा कॅट एकच. किती वर्षांचा हाय, विचारू नका. तुरीला तेल-पाणी देतात, ते हात पत्त्याला लागतात. बदामाच्या एक्क्याच्या पाठीवर तेलाचा डाग पडलाय, बरोबर मधी, डाळीएवढा. हा डाग मला कळला अन् मी कुणाला सांगितलं न्हाय. का सांगू? कुणाच्या हातात तो डाग दिसला की मी सांभाळून खेळायची. दोन हंगाम मी स्वतःला लई हुशार समजत होते.

मग एकदा वाटणी माझ्याकडं होती. बदामाचा एक्का मलाच आला. मी पानं उचलली, अन् माझ्या डोळ्यादेखत फरजाना माझ्या पानांच्या पाठीकडं बघून पॅक म्हणली. रुक्मीण बघून पॅक म्हणली. मी म्हणलं, तुमी काय बघताय?

रुक्मीण म्हणली, तू काय बघती दोन वर्षं?

तिघींना बी वाटत होतं की डाग आपल्या एकटीलाच ठाऊक हाय! सुगलाक्कांना विचारलं, तुमाला बी ठाऊक होतं का? त्या म्हणल्या, "डाग पाडला कुणी, मीच की. पोळीचा हात होता."

नवा कॅट घ्यायचं ठरलं, ते अजून ठरतंयच. सगळ्यांनाच ठाऊक म्हणजे कुणालाच फायदा न्हाय, म्हणून जुनाच चालू ठेवला. फक्त पानं धरताना पाठ तळहातानं झाकायची असं केलं. अन् सुगलाक्का पानं हातात घेतच न्हाईत, तर त्या आपल्या पानांवर डब्याचं झाकण पालथं घालायला लागल्या.

*

हे सुगलाक्कांचं पानं न बघणं सांगायलाच पाहिजे.

त्या कायम आंधळ्या खेळतात. पानं पडली तशी पडली. आमी बघून खेळणाऱ्या, आमाला दर चालीला दोन चिंचोके. आंधळीला एक. चाल याच्यावर वाढवायची न्हाय, एवढं आमी बांधून घेतलंय. दोघीच उरल्या तर आंधळी म्हणू शकती, शो दाखव, म्हणजे पानं उघडी कर. पण बघून खेळणारीनं आंधळीला शो मागायचा न्हाय. तिनं दोन-दोन टाकत जायचं, न्हायतर पॅक. अन् हातातले संपले की आपोआप पॅक, पानं काय बी असोत. जगात सगळीकडं शोचा नियम असाच हाय म्हणतात. आंधळीला शो मागता येत न्हाय. ज्यानं हा नियम केला त्याच्या घरात कुणी बाई नसंल.

सुगलाक्का उमरग्याला हायवे कशा ओलांडतात, ते बघा कधी. हैदराबादचे ट्रक सुटलेले असतात, माणूस दहादा इकडं-तिकडं बघतो. ही बाई पदर डोळ्यावर ओढती अन् सरळ चालायला लागती. मी एकदा सोबत होते. अश्विनीला दाखवायला गेलतो तवाच. मधी एक ट्रक असा ब्रेक मारून थांबला की टायरचा वास आला. ड्रायव्हर खिडकीतून आईबहीण काढायला लागला. सुगलाक्का पलीकडं पोचल्या, पदर खाली घेतला.

मी लेकीला धरून मागनं पोचले, रडायच्या घाईला. म्हणलं, अवो तुमी बघत का न्हाई?

"त्यो बघतो की," त्या म्हणल्या. "दोघांनी बघून काय करायचं? बघितलं की पाय थरथरतो, अन् मधीच उभं राहतंय माणूस. नोडब्याड. बघूच नको."

मग अश्विनीकडं वळून तिच्या पोटाकडं बी न बघता म्हणल्या, पोरी, तू समोरच्या दुकानात बस, उन्हात उभी राहू नको.

*

आता शेवटचा.

त्या आठवड्यात तूर लई आलती. मोटर थांबली तरी कानात चालूच राहायची. सकाळी अश्विनीच्या नवऱ्याचा फोन आलता तामलवाडीहून. पाय जास्त सुजलेत, डोळ्यापुढं अंधारी येती म्हणती, परवा उमरग्याला घेऊन येतो, तुमी या. येते म्हणलं. माझ्या पुरचुंडीत चिंचोके मोजून चार दिवसांचे, वर एक. फेऱ्यांना गेले, अण्णानं खाल्ले, रुक्मीणच्या ठेच्यानं नेले. डॉक्टरीणबाई आठ दिवस म्हणल्या होत्या. चार दिवसांनी लेकीला दवाखान्यात ठेवून मी परत येऊ, का जागा सोडू? जागा सोडली तर दवाखान्याचं कोण बघणार?

तिघींना सगळं ठाऊक होतं. मुरुम केवढं हाय! पण कुणी विचारलं न्हाय, मी सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तर पुन्हा काटा मांडावा लागला असता, अन् काट्यावर माझी लेक ठेवायची माझी तयारी न्हवती.

डाव बसला. एक-एक चिंचोका टाकला. रुक्मीणनं वाटलं.

मी पानं उचलली, पाठ झाकली, एक-एक सरकवून बघितलं. राणी. मागं राणी. तिसरं पान सरकवायला अंगठा तयार होईना. सरकवलं. राणी.

माझ्या कानातला मोटरचा आवाज बंद झाला. मला फरजाना दिसली, तीन राजे पालथे घालताना. इतकं चांगलं आपल्याला कधी आलं न्हाय. वाटलं पॅक म्हणावं, एकच जाईल, चार दिवस तरी हातात राहतील. चार दिवस पक्के. टाकले तर आठ, न्हायतर एक बी न्हाय. दवाखान्याच्या दारात लेक, अन् मी इथं डाळ निवडते. मी पॅक म्हणायला तोंड उघडलं अन् दोन चिंचोके खाली पडले. मी टाकले का सुटले, मला आज बी सांगता यायचं न्हाय.

रुक्मीण पॅक. उचकी न्हाय, काय न्हाय. फरजानानं दोन टाकले, माझ्याकडं बघितलं. सुगलाक्कांनी झाकणाला हात न लावता एक टाकला. मी दोन टाकले. फरजाना पॅक.

उरलो आमी दोघी. त्या आंधळ्या, मी बघितलेली.

मला वाटलं आता शो मागतील. त्यांनी एक टाकला. मी दोन. आता मागतील. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, चावला, एक टाकला. त्यांच्या मुठीत अजून कितीतरी होते. माझ्याकडं शेवटचे दोन. आता थांबले तरी गेले, अन् टाकले तर पुढच्या चालीला काय न्हाय. मी त्या झाकणाकडं बघत होते. जर्मनच्या पत्र्याचं झाकण, मधी खड्डा पडलेलं. त्याच्याखाली काय हाय ते त्यांना ठाऊक न्हाय, मला ठाऊक न्हाय, अन् माझ्या लेकीचे आठ दिवस त्याच्याखाली.

मी शेवटचे दोन टाकले. त्यातला एक घरंगळत जाऊन सुगलाक्कांच्या पायाला लागला.

रुक्मीण म्हणली, "टाका की सुगलाक्का. एकच टाका, संपली इमलाक्का."

खरंच एकच. पानं काय बी असोत, त्यांनी एक टाकला असता तर माझ्याकडं टाकायला काय न्हवतं.

सुगलाक्कांनी पायाशी आलेला चिंचोका उचलून ढिगात ठेवला. मग झाकण उचललं. आमाला वाटलं शो. पण त्यांनी पानं उचलली, डोळ्यापाशी नेली, अन् बघितली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. फरजाना हातातला घास धरून तशीच बसली. सुगलाक्कांनी तिन्ही पानं एकदा बघितली, माझ्याकडं एकदा बघितलं. मग पानं एकावर एक केली, आपल्या डब्यात टाकली, उरलेल्या भाकरीवर, अन् वरून झाकण दाबून बसवलं.

"पॅक."

रुक्मीणचा हात गेलाच. "अवो पानं द्या की, बघू तरी."

"माझ्या जेवणाचा डबा हाय," सुगलाक्का म्हणल्या. "हात घालू नको."

मोटर सुरू झाली. मी चिंचोके ओच्यात भरले. माझ्या तीन राण्या तिथंच उघड्या पडल्या होत्या, सगळ्यांना दिसत होत्या. सुगलाक्कांनी त्यांच्याकडं बघितलं न्हाय.

मी आठ दिवस उमरग्यात होते. सहाव्या दिवशी बीपी एवढं चढलं की डॉक्टरीणबाई पळत आल्या, कापड अंगावर घातलं अन् आत नेलं. मी बाहेर दारापाशी पदर डोळ्यावर ओढून बसले. लेकराचा आवाज आल्यावरच खाली घेतला. पोरगी हाय. दोघी बी नीट हायत.

परत आले तवा माझ्या वाट्याची पोती भरलेली होती, जागा होती. जेवणाच्या सुट्टीत डाव बसला. मी पिसला, वाटला. एक डाव झाला, चार झाले, आठवडा झाला. फरजाना काय बोलली न्हाय. रुक्मीण, जी मेलेल्याचं फडकं उचलती, ती बी काय बोलली न्हाय. सुगलाक्का झाकण पालथं घालून आंधळ्याच खेळतात.

अजून त्याच कॅटावर खेळतो आमी, तीन पानं कमी. त्यात एक्का एकच हाय. चौकटचा.